बोट किती, आगगाडी किती?

गेल्या हिवाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने मोठा सुबक तक्ता केला होता. एका बाजूला धूर सोडणारे विमान, दुसऱ्या बाजूला निळ्या समुद्रातली पांढरी बोट आणि किनाऱ्यावर उभी असलेली आगगाडी. वर ठळक अक्षरांत घोषणा होती, 'विमान सोडा, बोट-रेल्वे जोडा!' परदेशी जाताना विमानाऐवजी बोटीने व रेल्वेने गेल्यास इंधन वाचते व हवा स्वच्छ राहते, असे ती पाठ केल्यासारखे धडाधड सांगत होती.

मी विचारले, "बोटीला किती इंधन लागते?"

ती थांबली. तिने शिक्षकांकडे पाहिले, शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली आणि पुढच्या तक्त्याकडे गेलो. तिला दुसरा क्रमांक दिला. घरी येताना मात्र मनाला रुखरुख लागली, कारण तो आकडा मलाही ठाऊक नव्हता! पदार्थविज्ञान शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाने नववीच्या मुलीला असा प्रश्न विचारावा आणि उत्तर आपल्याही खिशात नसावे, हे काही बरे नव्हे. त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे निघाले ते तिच्या घोषणेपेक्षा वेगळे होते, आणि माझ्या समजुतीपेक्षाही.

हिशेबासाठी आपण एकच साधा प्रश्न विचारू. तुम्हाला स्वतःला, म्हणजे एका उतारूला, पुढे ओढत नेण्यासाठी किती बल लागते? बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे तुम्ही नववीत शिकलाच आहात. एक किलो वजन हातात धरायला सुमारे १० न्यूटन बल लागते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे आकडे हाताला जाणवतील. आकडे सगळे ढोबळ आहेत. तोंडी हिशेबाला तेवढे पुरतात.

प्रथम विमान घेऊ. १८० आसनांचे जेट विमान भरल्यावर ७० टनांच्या आसपास वजनाचे असते. ते हवेत तरंगत नाही, हे आधी नीट समजून घ्या. बोट पाण्यावर तरंगते, तिला वर धरण्याचे काम प्लावक बल फुकटात करते. विमानाला मात्र क्षणोक्षणी हवा खाली ढकलत राहावे लागते, तेव्हा कुठे ते वर राहते. या उचलीची किंमत म्हणजे हवेचा वाढीव रोध. चांगल्या आधुनिक विमानात वजनाच्या साधारण सतराव्या भागाइतका एकूण रोध असतो. म्हणजे ७० टनांच्या विमानाला सुमारे चार टन वजनाइतक्या, म्हणजे ४०,००० न्यूटन बलाने सतत पुढे रेटावे लागते. भागिले १८०, माणशी सुमारे २२० न्यूटन. २२ किलोचे पोते हातात धरल्याइतके!

आता आगगाडी. बावीस डब्यांची, १२०० उतारूंची गाडी इंजिनासह धरा १२०० टनांची. म्हणजे माणशी एक टन लोखंड आले. विमानात माणशी चारशे किलोही नव्हते. तरी गंमत पाहा. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा सपाटीवर वजनाच्या हजारात एखाद-दुसऱ्या भागाइतकाच रोध होतो. रबरी चाकाच्या मोटारीला तो याच्या पाचसहा पट असतो. १२०० टनांची ही गाडी सावकाश ओढायला अडीच टनांइतकेही बल लागत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा रोध त्यात तितकाच मिळवा. पण खरा खर्च आणखी एका ठिकाणी होतो. त्या वेगाने धावणाऱ्या गाडीत साडेचारशे मेगाजूलांहून अधिक गतिज ऊर्जा असते, आणि प्रत्येक स्थानकात ब्रेक लावताना तिचा बराच भाग उष्णता होऊन जातो. (नवी विजेची इंजिने त्यातला काही भाग तारेत परत पाठवतात. या विषयावर कधीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.) थांबे, चढ, पंखे, वातानुकूलन असे सगळे धरून माणशी ६० न्यूटन धरू. म्हणजे सहा किलोचे दप्तर. नववीच्या मुलांच्या दप्तराची मला कल्पना आहे, त्यामुळे हा आकडा तुम्हाला परका वाटणार नाही.

राहिली बोट. इथे माझी पेन्सिल थबकली. दीडशे उतारूंची, ताशी २८ किलोमीटर वेगाची एक बोट कल्पू आणि तिची इंजिने मिळून १००० किलोवॉट शक्तीची मानू. अशा आकाराच्या वेगवान बोटीला ती फार नाहीत. पंख्याने पाणी मागे ढकलताना साधारण ४० टक्के शक्ती वाया जाते, उरली ६०० किलोवॉट. शक्तीला वेगाने भागले की बल मिळते. उत्तर येते माणशी सुमारे ५०० न्यूटन.

पन्नास किलो! वर्गातला एक मित्र उचलून धरावा इतके. आगगाडीच्या आठ पट, आणि विमानाच्याही दुपटीहून जास्त. मी बेरजा-भागाकार तीनदा तपासून पाहिले.

असे का व्हावे? बोटीला वर धरण्याचे काम फुकट होते, हे खरे. पण पुढे जाताना तिला बाजूला सारावे लागते ते पाणी, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. विमान तर अकरा किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत जाते, जिथे घनता जमिनीवरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसते. शिवाय बोट पाण्यात लाटा उठवते. नदीकाठी उभे राहून मोटारबोट गेलेली पाहा, मागे येऊन काठावर आपटणारी प्रत्येक लाट म्हणजे इंजिनाच्या तेलातून निघालेली ऊर्जा असते. पाण्याचा रोध ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, लाटांमुळे पुढे पुढे त्याहूनही वेगाने. वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो.

मालवाहू जहाजे इतकी काटकसरी कशी, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारील. एक तर ती सावकाश जातात. दुसरे, तांदळाच्या पोत्याला केबिन लागत नाही, जेवणघर लागत नाही, चालायला मोकळी जागा लागत नाही. माणसाला हे सगळे लागते आणि या सगळ्याचे लोखंड त्याच्याबरोबर वाहून न्यावे लागते. 'क्वीन एलिझाबेथ २' हे प्रसिद्ध प्रवासी जहाज १९६९ ते २००८ या काळात समुद्रावर होते. पूर्ण वेगात ते दिवसाला साडेतीनशे टनांहून अधिक तेल जाळी आणि त्यात सुमारे १८०० उतारू मावत. म्हणजे माणशी रोज जवळजवळ २०० किलो. पाच दिवसांत अटलांटिक ओलांडला तर माणशी एक टन! तोच प्रवास भरलेल्या विमानाने केला तर माणशी दीडशे किलोच्या आतबाहेर इंधन लागते.

तेव्हा 'बोट म्हणजे स्वच्छ' ही समजूत सोडून द्यायला हवी. मग त्या मुलीची घोषणा सगळीच खोटी का? मुळीच नाही, तिच्यातला अर्धा भाग पक्का आहे. माझे म्हणणे एवढेच, की जमीन आहे तिथवर आगगाडीने जावे, आणि बोट पाणी आडवे येईल तिथेच घ्यावी. तीही जिथे पाणी सर्वांत अरुंद असेल तिथे, आणि बेताच्या वेगाची.

आपल्या वाडवडिलांच्या काळात लोक असेच जात, अर्थात कारण वेगळे होते. १९५० साली आमच्या शहरात जे महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले, त्याचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून परतले. लंडनहून ते आधी रेल्वेने फ्रान्सच्या दक्षिण टोकाच्या मार्सेय बंदराला आले आणि तिथे मुंबईची बोट पकडली. नकाशा काढून बघा. लंडनला बोटीत बसले असते तर स्पेन, पोर्तुगालला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे मार्सेयच्या समुद्रात यायला तीन हजार किलोमीटरांहून अधिक पाणी कापावे लागले असते. मधली इंग्लंडची खाडी तेवढी बोटीने ओलांडून फ्रान्स आगगाडीने पार केला की हाच पल्ला त्याच्या निम्म्याहूनही कमी होतो. ती महायुद्धाची वर्षे होती. बाबासाहेबांची पुस्तके व सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते, ती बोट पाणबुडीच्या माऱ्यात बुडाली आणि त्यांचा ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. त्या वेळी लोक दिवस वाचवण्यासाठी रेल्वे घेत. पण वेळेच्या हिशेबाने निवडलेली वाट ऊर्जेच्या हिशेबानेही तीच निघते.

मुंबईहून मार्सेय हा लांबचा प्रवास आज कोणी बोटीने करावा असे मी म्हणणार नाही, वरचा हिशेब पाहिल्यावर तर नाहीच. आणि जमिनीवरून युरोपला जावे म्हटले तर तिकडे नेणारी आगगाडीच नाही. समझौता एक्सप्रेस २०१९ साली थांबली, कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस जुलै २०२४ मध्ये. त्या थांबल्या त्या चाक आणि रुळाच्या कुठल्या दोषामुळे नव्हे.

एक वाट मात्र आपल्याजवळच आहे, ती म्हणजे श्रीलंकेची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूतील नागपट्टणम बंदरातून श्रीलंकेच्या उत्तर टोकावरील कांकेसंतुरैपर्यंत प्रवासी बोट सुरू झाली. काही दिवसांतच ती थांबली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बोटीने पुन्हा सुरू झाली. दीडशे उतारू, १११ किलोमीटर, सुमारे चार तास. नागपट्टणमला आपली रेल्वे जाते. वाटेतले तंजावर म्हणजे तर भोसल्यांची राजधानी, तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. पलीकडे कांकेसंतुरै हे श्रीलंकेच्या उत्तर रेल्वेमार्गाचे शेवटचे स्थानक. म्हणजे रूळ, थोडे पाणी, पुन्हा रूळ.

मांडू या हिशेब. संभाजीनगराहून चेन्नईमार्गे नागपट्टणम सुमारे १५०० किलोमीटर. माणशी ६० न्यूटनांनी ९० मेगाजूल कार्य झाले. आमच्या कल्पित बोटीने १११ किलोमीटर, ५०० न्यूटनांनी ५५ मेगाजूल. पुढे कोलंबोपर्यंत रेल्वेचे ४०० किलोमीटर, २४ मेगाजूल. एकूण १७० च्या आसपास. विमानाने मुंबईमार्गे कोलंबो सुमारे १८०० किलोमीटर, २२० न्यूटनांनी ४०० मेगाजूल. दोनदा अकरा किलोमीटर वर चढायचे तेही धरले तर साडेचारशेपर्यंत जाते. इंधनातल्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष ओढण्याच्या कामी येणारा भाग तिन्ही वाहनांत पाव ते तिसरा हिस्सा असाच असतो (आगगाडीच्या बाबतीत कोळशाच्या वीजकेंद्रापासून मोजायचे), म्हणून तुलना फारशी बदलत नाही. एका बाजूच्या प्रवासात माणशी पंधरा-वीस किलो इंधन वाचले. विमानामागे आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेषाही पृथ्वीची उष्णता अडवतात, ती बाब यात धरलेली नाही.

म्हणजे तुलनेत बोट-रेल्वेच सरस ठरली. पण बेरजेत आत काय दडले आहे ते पाहा. १११ किलोमीटर पाण्याला जितकी ऊर्जा लागली तितक्यात आगगाडीने सव्वानऊशे किलोमीटर गेलो असतो. सगळी बचत रुळांनी केली आणि तिच्यातला चांगलाच वाटा चार तासांत समुद्राने खाल्ला.

हे पाणी कमी करता येईल का? करता येईल, आणि शंभर वर्षांपूर्वी ते करूनही झाले होते. त्या काळी कोलंबोला जाणारे लोक तुतिकोरीनला रेल्वेतून उतरून रात्रभर बोटीने जात. १९१४ साली पांबनचा पूल झाला, रूळ रामेश्वरम बेटावर पोचले आणि बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत गाडी जाऊ लागली. तिथून समोरचे तलैमन्नार फक्त ३५ किलोमीटर, आणि तिथे धक्क्यावर सिंहली गाडी उभी. 'बोट मेल' म्हणून ही गाडी प्रसिद्ध होती. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी नष्ट झाले, स्थानकाजवळ आलेली उतारूंची गाडी लाटेने गिळली. रामेश्वरमहून बोट त्यानंतरही चालू राहिली. १९८० च्या दशकात श्रीलंकेत यादवी पेटली तेव्हा तीही थांबली.

समजा, रामेश्वरम-तलैमन्नार बोट आहे आणि अंतर ढोबळपणे ३५ किलोमीटर धरले. आमच्या त्याच बोटीला ५५ ऐवजी साडेसतरा मेगाजूल लागतील. आता तिचा वेग निम्मा करा. रोध चौथाई होईल आणि साडेसतराचे जेमतेम साडेचार होतील. वेळ किती? अडीच तास, म्हणजे नागपट्टणमच्या चार तासांहून कमीच. रेल्वेचा आपल्याकडचा प्रवास दोनअडीचशे किलोमीटरने वाढेल त्याचे पंधरा मेगाजूल मिळवा. तरीही आपण निम्म्याहून अधिक वाचवले.

आणि पाणी थोडे असले की आणखी एक दार उघडते. नॉर्वेत २०१५ साली 'अँपिअर' नावाची, विजेच्या घटमालेवर चालणारी मोटारी वाहणारी बोट सुरू झाली. तिचा पल्ला सहा किलोमीटरांच्या आत आहे, प्रत्येक किनाऱ्यावर ती दहा मिनिटे वीज भरून घेते. असे जहाज अटलांटिक ओलांडू शकणार नाही, घटमालेचेच वजन बोटीला बुडवील. पस्तीस किलोमीटर हे अंतर सहापेक्षा बरेच जास्त आहे, पण शेकडोंपेक्षा फार कमी. विद्युत अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जुलै २०२३ मध्ये भारत व श्रीलंका यांनी रामेश्वरम-तलैमन्नार बोटसेवा पुन्हा सुरू करण्याचे ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये पांबनचा नवा पूलही खुला झाला, त्याचा मधला भाग बोटींसाठी सरळ वर उचलला जातो. माझ्या मते दोन्ही देशांनी प्रवासी बोटीसाठी पहिला पैसा या अरुंद वाटेवर घालावा. यालाही दुसरी बाजू आहे. तिथला समुद्र उथळ आहे, जवळच्या मन्नारच्या आखातात प्रवाळ आहेत, समुद्री गवतावर चरणारा ड्युगाँग आहे. मोठ्या जहाजांसाठी तळ खणून काढणे परवडणारे नाही. उथळ तळाची, सावकाश चालणारी लहान बोटच तिथे हवी, आणि आमच्या हिशेबाला नेमकी तीच हवी आहे.

वेळेचे काय, असे वडीलमाणसे विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. विमानाने एका दिवसात होणाऱ्या प्रवासाला इथे तीन दिवस लागतील. घरी कोणी आजारी आहे, परीक्षा आहे, मुलाखत आहे, तर खुशाल विमानाने जा. त्यात पाप नाही. पण सहलीला जाणाऱ्यांना कसली घाई? आमच्या महाविद्यालयाच्या सहली विमानाने नेण्याची टूम निघाली तेव्हा मी विरोध केला होता. मते पडली आणि मी हरलो, ही गोष्ट वेगळी.

हा सगळा हिशेब दोन पानांवर लिहून मी त्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे पाठवला. सोबत चिठ्ठी जोडली की प्रश्न विचारण्याआधी परीक्षकाने उत्तर शोधायला हवे होते. आठ दिवसांनी मुलीचे उत्तर आले. आभार वगैरे दोन ओळी, आणि खाली प्रश्न : "सर, तुम्ही बोट पूर्ण भरलेली धरली आहे. ती अर्धी रिकामी गेली तर?"

बरोबर पकडले! बोट रिकामी असो की भरलेली, पाणी कापण्याचा खर्च जवळजवळ तोच. उतारू निम्मे झाले तर माणशी ५०० चे १००० न्यूटन होतील. विमानाचे आणि गाडीचेही तसेच. मग बोट भरायची कशी? भाडे, हवामान, व्हिसा असे बरेच मुद्दे त्यात येतात. पण गाडी संध्याकाळी पोचते आणि बोट दुसऱ्या सकाळी सुटते, मधली रात्र कुठे काढायची ते कोणी सांगत नाही, अशा प्रवासाला कुटुंबकबिला घेऊन कोण निघेल? जुन्या बोट मेलची वेळ बोटीशी बांधलेली होती. मद्रासच्या एग्मोर स्थानकावर काढलेले एकच तिकीट आगगाडीला, बोटीला आणि पलीकडच्या आगगाडीला चाले, थेट कोलंबोपर्यंत. मी तिला तेच लिहून कळवले आणि पुढच्या प्रदर्शनासाठी काम सुचवले : आजची वेळापत्रके मिळवून संभाजीनगर ते कोलंबो या प्रवासात माणूस नुसता वाट पाहत किती तास बसतो, ते मोजून काढ.